अभिप्रायार्थ आलेली प्रत

दहाव्या शतकाच्या अखेरीस अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि दान केल्या. आपल्याकडच्या व्याख्यानांत ही गोष्ट हमखास येते. मी थांबते ती हजार या आकड्यापाशी. छापखाना नाही. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं एकेक अक्षर कोरायचं, मग काजळी चोळून ते उठवायचं. असं हजार वेळा!

ते काव्य पोन्नाकडून लिहवून घेतलं होतं तिच्या वडिलांनी, मल्लप्पांनी, आणि काकांनी. पोन्न हा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या दरबारचा कवी. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड. ते 1956पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्याच्या मुलुखात होतं. तेव्हा या गोष्टीवर आम्हा हैदराबादकरणींचाही थोडा हक्क आहे. अत्तिमब्बेचा नवरा नागदेव लढाईत पडला. तिची बहीण गुंडमब्बे, तीही त्याचीच बायको, सती गेली. अत्तिमब्बे मुलासाठी मागे राहिली आणि हाती होतं ते दानात घातलं. रन्नानं 993च्या ‘अजितपुराणा’त तिला गौरवलं. विधवेनं कोपऱ्यात बसावं असं मानणाऱ्यांनी हे वाचावं.

तिच्या काळी प्रत मिळत नसे, आज घरात ठेवायला जागा नसते. लिहिणाऱ्या बाईच्या घरी पुस्तकं येत राहतात, काही तर प्रकाशनाच्याही आधी. वर ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का, आत ‘सप्रेम भेट’. मासिकं दोन प्रती मागवतात, आणि पुष्कळांची बोळवण ‘साभार पोच’मधल्या एका ओळीत होते. पुढे दिवाळीची साफसफाई निघते आणि प्रश्न घरच्या बाईपुढे येतो: रद्दीत द्यायचं कसं? कागदाला पाय लागला तरी आपण हात जोडतो. ज्ञानाची आशातना नको.

म्हणून आपण सोपी वाट काढतो, मंदिरात नेऊन ठेवतो. मला हे पटत नाही. कुलूपबंद कपाटात वाळवी लागते, तीही आशातनाच. आहार, औषध, अभय यांच्या बरोबरीनं शास्त्रदान सांगितलंय. आहारदानात आपण समोरच्याला भूक आहे का ते पाहतो. पुस्तकाच्या वेळी का नाही पाहत?

आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर आपलंच ‘सप्रेम भेट’ दिसलं तर लेखिकेच्या जिवाला लागतं, खरं आहे. तरी मी म्हणेन, तिथे निदान कुणी वाकून पुस्तक उचलतं. मात्र फुकट आलेली प्रत विकून पैसे घेऊ नयेत. पुस्तक बाजारात यायच्या आधी तर ती कुणालाच देऊ नये. त्यात चुका राहिलेल्या असतात, मजकूर बदलतो. तोवर थांबावं. अभिप्राय लिहिणार नसलो तर तसं लवकर कळवावं, प्रत परत हवी का तेही विचारावं. शांत बसून राहणं सगळ्यांत वाईट.

उरलेल्यांसाठी इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1922पासूनचं. पण तिथेही आधी यादी पाठवावी, त्यांना हवी तेवढीच न्यावीत. रिक्षात गठ्ठा घालून दारात उतरवून येऊ नये.