टेक : एका उपऱ्या क्रियापदाची कुळकथा

मराठी मुलगा परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. इंग्रजीत उलटं. तिथे मुलगाच परीक्षा ‘टेक’ करतो. ‘आय ॲम गिव्हिंग माय एक्झाम’ म्हणणाऱ्या पोराला आपल्याकडचे इंग्रजीचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या टोकत आले आहेत, पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? ‘टेक म्हणजे घेणे’ हे त्याच्याकडून घोकून घेतलेलं असतं, आणि परीक्षा घेणं हे मास्तरांचं काम, हे त्याला आधीपासूनच ठाऊक असतं.

‘टेक म्हणजे घेणे’ हे समीकरण फार लांब जात नाही. औषध, रजा, शपथ इथवर ठीक. पण फोटो आपण काढतो, बस पकडतो, पोराला शाळेत नेतो, कामाला वेळ लागतो, आणि या सगळ्या ठिकाणी इंग्रज एकट्या ‘टेक’वर भागवतो. आंब्याचं कलम धरलं तरी ‘टेक’ आणि दंडावरची देवीची लस उठली तरी ‘टेक’. मराठीला जिथे काढणं, पकडणं, नेणं, लागणं, धरणं, उठणं असा अख्खा गोतावळा लागतो, तिथे हा एकटा पुरून उरतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं ‘टी’ हे अक्षर खुद्द त्याचे संपादक जेम्स मरे यांच्या वाट्याला आलं होतं. अर्थांच्या संख्येत ‘सेट’ आणि ‘रन’ या दोघांचा मान मोठा, हे खरं. पण कुळकथा म्हणाल तर ‘टेक’ची जास्त रंगतदार आहे, कारण हे क्रियापद मुळात इंग्रजांच्या घरचं नाहीच.

जुन्या इंग्रजीत ‘घेणे’साठी शब्द होता ‘निमन’. जर्मन माणूस आजही ‘नेमेन’ म्हणतो आणि डच माणूसही त्याच घरातला शब्द वापरतो. इंग्रजांनी मात्र हा वडिलोपार्जित शब्द गमावला. 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंची धाड पडली. 865 साली तर डेन लोकांची मोठी फौजच उतरली आणि ती परत गेली नाही. राजा आल्फ्रेड आणि डेन सरदार गुथ्रुम यांच्यात तह झाला, आणि इंग्लंडचा उत्तर-पूर्व भाग डेन कायद्याखाली गेला. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतला ‘बी’ म्हणजे त्या लोकांच्या भाषेतलं ‘गाव’.

हे लोक तिथे जमिनी कसू लागले, सोयरिकी करू लागले. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या. कोकणी आणि मराठी माणूस जसे आपापल्या बोलीत बोलून बाजारातला व्यवहार उरकतात, तसंच तिथेही झालं असणार. चकमकीत जे शब्द येतात ते शस्त्रांचे, पदांचे आणि शिव्यांचे असतात. शेजारातून येतात ते अंडं, सुरी, खिडकी असले. इंग्रजीतले ‘एग’, ‘नाइफ’, ‘विंडो’ हे तिघेही डेन लोकांबरोबर आले. इतकंच काय, ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच. त्याच बोचक्यातून ‘टाका’ हे क्रियापद आलं आणि इंग्रजीत ‘टेक’ झालं.

त्याचा मूळ अर्थ बहुधा ‘स्पर्श करणे, हात लावणे’ असा होता. गॉथिक या नामशेष झालेल्या भाषेतला त्याचा भाऊबंद ‘शिवणे’ याच अर्थाने आढळतो. हात लावण्यापासून धरण्यापर्यंत आणि धरण्यापासून घेण्यापर्यंत पोचायला शब्दाला फार चालावं लागत नाही. गंमत म्हणजे, डेन मंडळींकडे ‘निमन’चा सख्खा भाऊ ‘नेमा’ही होता. आइसलँडच्या वसाहतीची जुनी पोथी ‘लांडनामाबोक’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे जमीन घेण्याची पोथी. त्या नावात ‘नेमा’पासून झालेला ‘नाम’ बसलेला आहे, ‘टाका’ नाही. तरी इंग्लंडात रुजला तो ‘टाका’च.

हे काही एका रात्रीत घडलं नाही. पीटरबरोच्या मठातली बखर 1154 पर्यंत लिहिली गेली. तिच्या शेवटच्या पानांत दोन्ही क्रियापदं शेजारी शेजारी नांदताना दिसतात. उत्तरेत ‘टेक’, दक्षिणेत ‘निम’ अशी वाटणी पुढेही बराच काळ टिकली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या लंडनमध्ये मात्र ‘टेक’ची सरशी झालेली होती. माझ्या मते यात रूपांचाही हात असावा. ‘निम’ची भूतकाळी रूपं ‘नाम’, ‘नोम’, ‘नुम’ अशी डळमळत राहिली. ‘टेक, टुक, टेकन’ ही साखळी कानाला पक्की लागते.

हरलेल्या ‘निम’चं पुढे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. ज्या घरात तो मालक होता त्याच घरात तो चोर ठरला. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘निम’ म्हणजे हात मारणे, लंपास करणे. शेक्सपिअरने ‘पाचवा हेन्री’मध्ये एका हातचलाख शिपायाचं नाव ‘निम’ ठेवलं आणि शेवटी त्याला फासावरही चढवलं. जॉन गेच्या 1728 सालच्या ‘बेगर्स ऑपेरा’मध्ये मॅकहीथच्या टोळीत ‘निमिंग नेड’ नावाचा एक गडी आहे. म्हणजे उचल्या नेड. या ऑपेरावरून ब्रेख्टने ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’. तेव्हा ‘निम’ची धूळ मराठी रंगभूमीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, असं म्हणायला हरकत नाही.

आजच्या इंग्रजीत ‘निम’ची दोन लेकरं तेवढी उरली आहेत. ‘निंबल’ म्हणजे चपळ, मुळात चटकन पकडणारा. आणि ‘नम’ म्हणजे बधिर, मुळात ‘घेतला गेलेला’. थंडीने बोटं ‘घेतली’ की ती बधिर होतात. या ‘नम’च्या शेपटाला ‘बी’ हे मुकं अक्षर नंतर चिकटलं, ‘थम’ म्हणजे अंगठा, त्याला चिकटलं तसंच.

‘टेक’ला मग समानार्थी सोबती किती मिळाले! ‘सीझ’ नॉर्मन सरदारांच्या फ्रेंचमधून आला. तो जमिनीचा ताबा देण्याघेण्याचा कज्जेदलाली शब्द होता. ‘रिसीव्ह’, ‘ॲक्सेप्ट’, ‘कॅप्चर’ यांची मुळं एकाच लॅटिन धातूत आहेत. ‘कॅच’ आणि ‘चेस’ हेही त्याच लॅटिन घराण्यातले, पण फ्रेंचच्या दोन वेगळ्या बोलींतून आलेले चुलतभाऊ. ‘लूट’ तर हिंदुस्थानातूनच उचलला. पीटर रोजे या डॉक्टराने 1852 साली आपला थिसॉरस छापला तेव्हा असल्या बऱ्याच घेणाऱ्यांना एका शीर्षकाखाली बसवलं. पण बारकाईने पाहिलं तर यातला एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ‘सीझ’मध्ये जबरदस्ती आहे, ‘ॲक्सेप्ट’मध्ये संमती, ‘रिसीव्ह’मध्ये नुसतं हाती येणं. ‘टेक’मध्ये यातलं काहीच ठरलेलं नाही. म्हणूनच तो कुठेही चालतो.

त्याला चिकटणारी शेपटं हा तर वेगळाच खेळ. ‘टेक ऑफ’ म्हणजे कपडे उतरवणं, विमान उडणं आणि एखाद्याची नक्कल करणंही. ‘टेक इन’ म्हणजे आसरा देणं आणि फसवणंही! पाठ्यपुस्तकं या जोड्यांची यादी देऊन मोकळी होतात. माझं मत असं की यादी पाठ करण्यात अर्थ नाही, त्या वाक्यात पाहाव्यात.

शेपट मागे न लावता पुढे जोडण्याची पद्धत जुनी. ‘अंडरनिमन’ हा शब्द होताच. त्यातला ‘निमन’ काढून ‘टेक’ बसवला आणि ‘अंडरटेक’ तयार झाला, म्हणजे काम अंगावर घेणे. अंगावर घेणारा तो ‘अंडरटेकर’, साधा कंत्राटदार. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रेतयात्रेची व्यवस्था अंगावर घेणाऱ्यालाही तेच म्हणू लागले आणि हळूहळू बाकीचे अंडरटेकर बाजूला पडले. नव्वदच्या दशकातल्या आपल्या पोरांना टीव्हीवरच्या कुस्तीतला काळ्या कोटातला अंडरटेकर माहीत होता, तो याच अर्थाचा. ‘अंडरटेकिंग’ मात्र सुटलं. कॉलेजात, सरकारी कचेरीत ते आजही लिहून द्यावं लागतं. मुंबईत 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने वीज आणि ट्रामची खासगी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्या नव्या नावाच्या शेवटी हेच ‘अंडरटेकिंग’ लागलं. मराठीत त्याला आपण ‘बेस्ट उपक्रम’ म्हणतो.