वावरात पिकलं, चुलीवर न चढलेलं

1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या पंगतीला सोयाबीन वाढलं जात होतं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झाला होता. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली होती आणि जे. सी. कुमारप्पा तिथं हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांची घडी बसवत होते. गरिबाच्या ताटात स्वस्तात कस कसा येईल, हा गांधीजींचा ध्यास होता. बडोदा संस्थानाच्या एका पत्रकातली सोयाबीनची माहिती त्यांनी ‘हरिजन’मध्ये छापली आणि आधी आपल्याच लोकांना ते खाऊ घातलं. मगनवाडी आणि आमचं तिवसा यांच्या मध्ये वर्धा नदी आहे. ती नदी ओलांडून आमच्या वावरात यायला सोयाबीनला आणखी अर्धं शतक लागलं, आणि आलं तेव्हा ते खाण्यासाठी आलंच नाही. ही गोष्ट मला फार लागते, म्हणून हे लिहिते आहे.

मी तिवशात सून होऊन आले तेव्हा वावरात पऱ्हाटी, तूर आणि जवारी होती. जवारीची भाकर माणसांना, कडबा जनावरांना. मग सोयाबीन आलं. मध्य भारतात काळ्या बियांचं सोयाबीन पूर्वीपासून थोडंफार होतंच, त्याला लोक ‘काळी तूर’ म्हणत. पिवळं सोयाबीन मात्र 1960 नंतरच्या दशकांत जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आणि अमेरिकेतून आलेल्या वाणांतून पसरलं. आधी माळव्यानं धरलं, मग विदर्भानं. जबलपूरचंच ‘जेएस 335’ हे वाण 1994 साली आलं आणि आमच्याकडे घरोघरी ‘तीनशे पस्तीस’ म्हणून ओळखीचं झालं. शंभर दिवसांच्या आत-बाहेर पीक मोकळं, दिवाळीला हातात पैसा, वर रान हरभऱ्याला रिकामं. कापसाचा खर्च आणि जवारीवर पडणारी पाखरं, रानडुकरं यांनी जेरीस आलेल्या शेतकऱ्यानं ते धरलं, यात त्याचं काहीच चुकलं नाही.

पण ते बी थ्रेशरमधून पोत्यात आणि पोत्यातून थेट बाजार समितीत जातं. तिथून कारखान्यात. शंभर किलो बियांतून अठराएक किलो तेल निघतं. उरलेली पेंड, जिच्यात सगळी प्रथिनं, ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते. आमच्या घरी उरतं ते कुटार. माझ्या सासूबाई एका वाक्यात सांगत : ‘‘सोयाबीन इकाचं असते माय, खाचं नसते.’’

त्या चुकीचं सांगत नव्हत्या. सोयाबीन तुरीसारखं शिजत नाही. तासभर रटरटलं तरी दाणा घट्टच राहतो, आणि कच्चं किंवा अर्धकच्चं पोटात गेलं तर त्यातली काही द्रव्यं प्रथिनं नीट पचू देत नाहीत. थंड पाण्यात वाटलं तर त्याला हिरवट उग्र वास सुटतो. डाळ म्हणून त्याच्याकडे पाहिलं की ते हरतं. चीन-जपानचे लोक ते नुसतं डाळीसारखं शिजवून थांबले नाहीत. त्यांनी ते दळलं, उकळलं, गाळलं, दुधासारखं फाडलं, मिठात महिनोन्‌महिने मुरवलं. असं दूध फाडून केलेला टोफू चीनमधून जपानला गेला आणि नारा शहरातल्या कासुगा देवस्थानात 1183 साली नैवेद्याच्या नोंदीत तो दिसतो. मांस-मासे वर्ज्य असलेल्या बौद्ध मठांनी तो पुढं नेला. 1782 साली तर ओसाकात नुसत्या टोफूच्या शंभर पदार्थांचं पुस्तक निघालं. आमच्या कृषी खात्यानं बी दिलं, खत दिलं, फवारणीचं वेळापत्रक दिलं. हे ज्ञान मात्र बियांबरोबर कुणी पाठवलं नाही.

टोफूच्या जोडीला मी घालते त्या वांग्याचा प्रवास याच्या अगदी उलट. ते आपल्या बाजूचं. इथून पूर्वेला चीनमध्ये आणि तिथून जपानात गेलं. इ.स. 750 च्या आसपासच्या नारातल्या कागदांत वांग्याची नोंद आहे. तिथं ते इतकं घरचं झालं की ऑगस्टमधल्या पितरांच्या सणात जपानी लोक वांग्याला काड्यांचे चार पाय लावून बैल करतात. पितरांनी त्यावर बसून सावकाश परत जावं म्हणून. त्याच सुमाराला आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. हे मला कळलं तेव्हा जपान एकदम शेजारच्या तालुक्याएवढं जवळ वाटलं.

आणि जपानचं नाव आमच्या तालुक्याला तसं नवं नाही. अमरावतीच्या रस्त्यावर मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला, म्हणजे मगनवाडीत सोयाबीन शिजत होतं त्याच वर्षी. 1936 मध्ये महाराज गांधीजींकडे महिनाभर राहून आले. त्याआधीच, 1933 साली, निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते आणि फुजींच्या पंथाचा मंत्र गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा गेला. वर्ध्यातला विश्वशांती स्तूप त्याच पंथाचा. पुढं 1955 साली तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी स्वतः जपानला गेले. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा हा शिष्य, खंजिरी वाजवणारा, त्या देशात भजन म्हणून आला. ग्रामगीतेत त्यांनी गावाच्या आरोग्यासाठी वेगळा अध्याय लिहिला आहे. महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव आश्विन वद्यात येतो आणि तेव्हा तालुकाभर सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चाललेली असते. दर्शनाला निघालेल्या दिंड्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनच्या गंज्या पाहत जातात. पण कुठल्याच पंगतीत ते दिसत नाही.

माझ्या घरी आता दिसतं. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन मी कढत पाण्यात वाटते. कढत पाण्यानं तो उग्र वास धरतच नाही. मग ते मोठ्या गंजात उकळायचं. फेस उतू येतो, तेव्हा समोरून हलायचं नाही. जुन्या धोतरात गाळलं की खाली दूध, वर चोथा. दूध पुन्हा चांगलं उकळून त्यात पाणी घातलेला लिंबाचा रस हळूहळू सोडायचा. जपानात मीठ काढल्यावर समुद्राच्या पाण्याचं जे कडू पाणी उरतं, त्यानं फाडतात आणि तो टोफू लुसलुशीत होतो. लिंबाचा जरा भुसभुशीत होतो, पण पाट्याखाली दाबून ठेवला की वड्या पडतात. चोथा थालीपिठात जातो.

या टोफूबरोबर वांगं भरताचं नको, लांबट जांभळं हवं. सालीवर तिरप्या चिरा देऊन मिठाच्या पाण्यात ठेवायचं, मग सालीकडून तेलात टाकायचं, म्हणजे जांभळा रंग टिकतो. टोफूच्या वड्या कोरड्या पुसून कॉर्नफ्लॉरमध्ये घोळवून तळायच्या. जपानी घरांत रश्शाला समुद्रशेवाळाचा आणि सुकवलेल्या माशाचा आधार असतो. आमचं घर माळकरी, म्हणून मी त्यांच्या मठांची वाट धरते. सोया सॉस, किसलेलं आलं, गुळाचा खडा, थोडं पाणी, वरून भाजून भरडलेले तीळ. सोया सॉस चायनीजच्या गाड्यांमुळं आता तिवशातही सहज मिळतो. वांगं तो रस पिऊन घेतं आणि टोफूची कड कुरकुरीत राहते. वांग्याची भाजी आणि रोडगे यांवर वाढलेल्या माणसाला हे परकं लागत नाही. गोडसर जरूर लागतं. माझे दीर त्यावर ठेचा घेतात आणि मला ते मान्य आहे.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मगच वांगं घरात येतं. तोवर नवं सोयाबीन वाळून तयार असतं, म्हणून हा पदार्थ आमच्या घरी मार्गशीर्षातच सुरू होतो. अलीकडे पोती बाजार समितीत जायच्या आधी दोन पायल्या मी कोठीत काढून ठेवते. शेजारच्या दोघी-तिघींनीही यंदा ठेवल्या. धुऱ्याकडच्या पट्ट्यात थोडी जवारी पेरायची, हेही आता घरात ठरलं आहे. या रश्शाला तिचीच भाकर लागते.