तबकडीवरचा हात

मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याच्या एका तरुणानं विचारलं, ‘सर, डीजे करायचा आहे, टर्नटेबल कोणतं घेऊ?’ सभागृहात हशा पिकला. आम्हाला मात्र हा प्रश्न इतिहासाचा वाटला. आज त्याचंच उत्तर देऊ.

आमच्या पिढीनं खानदेशात तबकडी ऐकली ती लग्नाच्या मांडवात. निंबाच्या झाडाला कर्णा बांधलेला, खाली लाऊडस्पीकरवाला आणि भोवती आम्ही पोरं. त्याचा नियम एकच: हात लावायचा नाही! लाखेपासून बनलेली 78 फेऱ्यांची तबकडी पडली की फुटायची. वीज कमी-जास्त झाली किंवा जनरेटर मंदावला, की गाणं रडायला लागायचं, कारण मोटरचा वेग विजेच्या हातात होता. त्या काळी चांगलं यंत्र म्हणजे चालू केल्यावर माणसानं दूर राहावं असं यंत्र.

तेव्हाच्या यंत्रांत मोटर एका बाजूला असे. ती रबरी चाकानं किंवा पट्ट्यानं थाळी फिरवी. पट्टा कालांतरानं सैल पडतो. 1970 साली जपानच्या मात्सुशिता कंपनीनं टेक्निक्स या नावाखाली एसपी-10 काढलं. त्यात मोटर थेट थाळीखाली आली, मधे पट्टा नाही. 1972 मध्ये एसएल-1200 आलं. ते घरी निवांत ऐकणाऱ्या रसिकांसाठी होतं, हे लक्षात ठेवा.

इकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ऑगस्ट 1973 मध्ये कूल हर्क नावाच्या तरुणानं बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लोकांना नाचवतो, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या, दोन यंत्रं, आणि तोच तुकडा आलटून-पालटून. ग्रँडमास्टर फ्लॅशनं त्यात घड्याळासारखी अचूकता आणली. म्हणजे काय झालं? ज्या तबकडीला हात लावायची बंदी होती, तिच्यावर हात हेच काम झालं. यंत्राचं वाद्य झालं ते इथे.

1979 मध्ये याच यंत्राची दुसरी आवृत्ती आली आणि जगभरच्या डीजेंनी ती प्रमाण मानली. का मानली, यातच निवडीचे निकष आहेत. पहिला, मोटरचा जोर. ही थाळी 0.7 सेकंदात पूर्ण वेग घेते. थाळीवर गुळगुळीत कापडी चकती असते, त्यामुळे हातानं तबकडी थांबली तरी खालची थाळी फिरतच राहते. दुसरा, सरकपट्टीनं वेग 8 टक्के कमी-जास्त करता येतो, म्हणजे दोन गाण्यांची लय जुळते. तिसरा, वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या नियंत्रणात असतो. आमच्या मांडवातलं रडगाणं तिथे संपलं. 2010 मध्ये उत्पादन थांबलं, 2016 मध्ये हे नाव परतलं आणि 2019 मध्ये डीजेंसाठी सातवी आवृत्ती आली.

जुनं घेणार असाल तर थाळी फिरवा, कडेला बोट टेकवा, सोडा. दिव्यासमोरचे ठिपके लगेच स्थिर दिसायला हवेत. सुईची दांडी हलकेच हलवून बघा. सांध्यात खुळखुळ नको. आणि लागतील दोन यंत्रं, शिवाय मिक्सर. एकावर डीजे होत नाही.

आता खानदेशाकडे या. आपल्याकडे मधे कॅसेट आली, सीडी आली, आणि डीजे आला तो लॅपटॉप-पेनड्राइव्ह घेऊन, टेम्पोवर बसून. शब्द आला, तबकडी आलीच नाही. आज जळगावात ‘डीजे लावला’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, स्पीकरची भिंत येते.

यामागे एक साधं भौतिकशास्त्र आहे. सुईला गाण्याची खोबण आणि बाहेरचा हादरा यांतला फरक कळत नाही. भिंतीसारख्या स्पीकरजवळ, हलत्या टेम्पोवर सुई उडेल, नाहीतर घुमून किंचाळेल. आवाज कुठवर न्यायचा, याची एक मर्यादा सुई स्वतःच घालत होती. पेनड्राइव्हला हादरा लागत नाही. ती मर्यादा गेली. मग 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी कागदावर मर्यादा घातली: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. वरातीत ती किती पाळली जाते, हे आपल्या छातीच्या ठोक्यांना विचारा. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे, त्या घराला विचारा.

म्हणून त्या तरुणाला आमचं उत्तर असं. वरातीसाठी हवं असेल, तर टर्नटेबल घेऊच नकोस. पैसे वाया जातील, आणि वैशाखात टेम्पोत ठेवलेल्या तबकड्या उन्हानं वाकतील. पण चार भिंतींत, स्थिर टेबलावर, शिकण्यासाठी हवं असेल, तर थेट मोटरचं, जोरदार, जुनं का होईना, पण दोन घे. आणि दुकानदाराला ‘किती वॅट?’ विचारण्याआधी थाळीवर हात ठेवून एवढंच बघ, की हे हाताचं ऐकतं का?