शुद्धलेखन : एका रूढ रूपकाचा इतिहास

प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गाला आम्ही एकदा 'पाऊस' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. एका विद्यार्थ्याने लिहिले, 'पाऊस लांबला म्हून आई रोजानं जाती.' पुढे त्याने लिहिले होते, की पहिला पाऊस पडला की घरात आधी 'बियाला पैसं कुठनं आणायचं ह्येची काळजी' येते. दीड पानाच्या त्या मजकुरावर आमच्या तांबड्या शाईच्या असंख्य खुणा झाल्या आणि शेवटी केवळ सवयीने एक शब्द लिहिला गेला : 'अशुद्ध'. पुढच्या निबंधाच्या वेळी त्याच विद्यार्थ्याच्या वहीत जवळजवळ एकही खूण करावी लागली नाही. वेलांट्या आणि उकार जागच्या जागी होते. सृष्टीने हिरवा शालू नेसला होता, मोर नाचत होते, बळीराजा सुखावला होता. आई मात्र त्या निबंधात कुठेच नव्हती.

त्याने नियम आत्मसात केले याचे आम्हांला समाधान वाटावयास हवे होते. ते वाटले नाही, कारण नियमांबरोबर तो आणखी काही शिकला होता. घरची भाषा अशुद्ध म्हणजे त्या भाषेत घडणारी गोष्टही वर्गात आणण्याजोगी नाही, असा अर्थ त्याने लावला होता. आम्ही तसे म्हटले नव्हते. पण आम्ही वापरलेला शब्द तसे म्हणत होता का, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही. 'चूक' असे लिहिले असते तर एवढा अर्थ त्यातून निघाला असता असे वाटत नाही. 'अशुद्ध' या शब्दात चुकीहून अधिक काही आहे. ते कुठून आले हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या काव्यशास्त्राने अशा शब्दांचा विचार फार पूर्वी केला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त लक्षणेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक प्रयोजनवती, दुसरी रूढी. रूढ लक्षणेचे परिचित उदाहरण म्हणजे 'कुशल' हा शब्द. मुळात कुश नावाचे धारदार गवत हात न कापून घेता तोडणारा तो कुशल. आता कोणत्याही कामात निपुण असणाऱ्यास आपण कुशल म्हणतो आणि गवताची आठवणही होत नाही. मम्मटाच्या मते अशा रूढ लक्षणेत व्यंग्यार्थ उरलेला नसतो. १९८० साली जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात नेमकी उलट भूमिका मांडली. त्यांच्या मते, जी रूपके आपल्याला रूपके म्हणून जाणवतच नाहीत, तीच आपल्या विचाराला आणि वागण्याला वळण लावतात. वेळ म्हणजे पैसा हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. आपणही वेळ 'खर्च' करतो, 'वाचवतो', आणि मग वेळ वाया गेल्याबद्दल पैसे हरवल्यासारखे हळहळतो. त्याच मराठीत वेळ 'येते', 'टळते' आणि 'साधते'ही. तिथे ती नाणे नसते, पाहुण्यासारखी असते, आणि तिच्याशी वागण्याची आपली रीतही निराळी असते.

'कुशल' या शब्दापुरते मम्मटाचे म्हणणे खरे मानता येईल, कारण ज्या गवताच्या अनुभवातून तो शब्द आला, तो अनुभवच आपल्या रोजच्या जगण्यातून गेला आहे. 'शुद्ध' या शब्दाचे तसे नाही. शुद्ध तूप, शुद्ध पाणी, शुद्ध सोने, शुद्धीवर येणे, चित्तशुद्धी असे त्याचे अनेक उपयोग आहेत आणि ते सारे निरुपद्रवी आहेत. परंतु आपल्या समाजात शुद्ध-अशुद्धाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर व्यवहार झाला तो देवघरात, स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर. सोवळे, ओवळे, विटाळ, बाटणे हे शब्द त्या व्यवहाराचे. भाषेला 'शुद्ध' म्हटले की हे शब्दही न बोलावता मागोमाग येतात. 'भ्रष्ट रूप', 'भेसळीची भाषा', 'बाटलेला शब्द', 'सोवळी मराठी' असे आपण सहज बोलतो. पुस्तकातील मुद्रणदोषांच्या यादीलाही 'शुद्धिपत्र' म्हणतो. चूक ही एखाद्या कृतीत असते आणि दुरुस्त केली की संपते. अशुद्धी स्पर्शाने पसरते आणि माणसाला चिकटते. म्हणूनच 'तू इथे चुकलास' आणि 'तुझी भाषा अशुद्ध आहे' ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याला सारखी लागत नाहीत.

भाषेच्या बऱ्यावाईटाचा विचार नेहमी याच रूपकातून झाला असे नाही. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या 'महाभाष्या'त साधुशब्द आणि अपशब्द असा भेद आहे. एका 'गो' शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश होतात, असे तो दाखवतो. अपभ्रंश म्हणजे खाली पडलेले रूप. हे रूपक उंचीचे आहे, आणि आपली 'गाय' त्याच पडलेल्यांच्या जातकुळीतील आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्याच्या संस्कृत प्रास्ताविकातील रूपक वाटेचे आहे. यवनांच्या शब्दांनी राजव्यवहाराच्या भाषेची वाट लोपून गेली, ती पुन्हा प्रशस्त करावयाची, असा तेथील आशय आहे. त्या प्रास्ताविकात परक्यांविषयी मवाळपणा मुळीच नाही. तरीही भाषेपुरते बोलताना तेथे आधी वाट दिसते, विटाळ नाही.

एकोणिसाव्या शतकात छपाई आणि सरकारी शाळा आल्या, तेव्हा एकसारख्या लेखनाची गरज खरोखरच निर्माण झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांच्या भाषेला आणि विरामचिन्हांना शिस्त लागली. ही गरज व्यावहारिक होती. रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या मुलाने एकच पुस्तक वाचावे, यासाठी काहीतरी एक ठरवणे भाग होते. ठरवणारे मात्र प्रामुख्याने पुण्यामुंबईचे ब्राह्मण पंडित आणि त्यांच्या साहाय्याने काम करणारे इंग्रज अधिकारी होते. ज्यांच्या घरी सोवळे होते, त्यांच्या घरची बोली लेखनाचा आधार झाली. मापाची गरज आणि शुद्धतेची कल्पना अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या, आणि आपण मापाच्या कामाला शुद्धतेचे नाव दिले.

त्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यातील एक मुलगी छापील मराठीत बोलू लागली होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून चालवलेल्या 'निबंधमाले'तून फुल्यांवर जी टीका केली, तिच्यात त्यांच्या व्याकरणाचा आणि भाषेचा उपहास मोठ्या प्रमाणात होता. चिपळूणकरांचा गद्यलेखक म्हणून अधिकार आम्ही अमान्य करीत नाही. ८४ अंकांच्या त्या मालेने मराठी निबंधाला जे बळ दिले, त्यावर आमच्यासारख्यांचा पिंड पोसला आहे. पण त्या वादात झाले ते असे, की फुले जे विचारत होते, त्याला उत्तर देण्यापूर्वी ते कसे लिहितात हे तपासले गेले, आणि त्या तपासणीतच पुष्कळांना उत्तर मिळाल्यासारखे वाटले. आमच्या तांबड्या शाईनेही त्या निबंधावर तेच केले होते. बियाण्याच्या पैशाचा प्रश्न बाजूला राहिला आणि 'ह्येची' हा शब्द पुढे आला.

विसाव्या शतकात हे रूपक उघडपणे चळवळीचे नाव झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात, म्हणजे १९२४ ते १९३७ या वर्षांत, भाषाशुद्धीची मोहीम चालवली. 'दिनांक', 'महापौर' असे त्यांच्या नावे सांगितले जाणारे शब्द आज आपण मोहिमेची आठवणही न ठेवता वापरतो. त्याच काळात, त्याच गावी, त्यांनी धर्मांतरितांच्या शुद्धीचे कार्य केले आणि अस्पृश्यतेविरुद्धही झुंज दिली. सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ सालचे. माणसामाणसांतील विटाळ नाकारणाऱ्या विचारवंताने शब्दांच्या बाबतीत मात्र शुद्धीचीच भाषा वापरली, यावरून त्या रूपकाची पकड किती घट्ट होती हे कळते. माधव ज्यूलियनांचे उदाहरणही असेच विचार करायला लावणारे आहे. १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध करणारे आणि मराठी गझल रुजवणारे हे कवी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितात. नवे शब्द घडवण्याला आमचा विरोध नाही. ते घडवणे ही भाषेची कमाईच आहे. पण कमाई म्हणून नवा शब्द आणणे निराळे आणि जुना शब्द विटाळ म्हणून बाहेर काढणे निराळे. दुसरे करायला निघाले तर कागद आणि शाई हे दोन्ही शब्द आधी बाहेर काढावे लागतील, आणि मग 'अशुद्ध' हा शेरा कशाने आणि कशावर लिहायचा?

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या १८ नियमांचा आशय पाहिला तर त्यांत पावित्र्याचा काही संबंध दिसत नाही. उच्चारात नसलेले अनुस्वार गाळावेत, तत्सम ऱ्हस्व इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावेत, अशा या सोयीच्या गोष्टी आहेत. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नांव', 'घरीं', 'गति' अशी रूपे सर्रास दिसतात. नियम आल्यावर ती चुकीची ठरली. एका ठरावाने जे बदलते, त्याला संकेत म्हणावे. शुद्धता अशी ठरावाने बदलत नसते. तरीही शाळेच्या वेळापत्रकात, प्रश्नपत्रिकेत आणि आमच्या तोंडी 'शुद्धलेखन' हाच शब्द राहिला. याच नियमांनी 'केलं', 'सांगितलं' अशी बोलण्यातील रूपे पात्राच्या तोंडी वापरण्याची मुभा दिली. एरवी 'केले', 'सांगितले' असेच लिहावयाचे. बोलण्याच्या मराठीला लेखनाच्या घरात येऊ दिले, पण ओसरीपर्यंत.

त्या ओसरीवरून आत येण्याचे काम साहित्याने केले. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत केवळ संवाद नव्हे, तर निवेदनही ग्रामीण बोलीत आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ सालचा, म्हणजे उरलेले चार नियम आले त्याच वर्षीचा. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली आणि आपल्याला न कळलेल्या शब्दांची कबुली त्यांनी तीत मोकळेपणाने दिली. मराठीतील एक श्रेष्ठ लेखक तिथे मराठीच शिकत होता, आणि अज्ञानाचा दोष शब्दांवर टाकीत नव्हता. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुते' न म्हणता 'बलुतं' म्हटले. बोलण्यातील अनुस्वार पात्राच्या तोंडातून मुखपृष्ठावर आला. आज ही पुस्तके आम्ही वर्गात शिकवतो, त्यांच्या भाषेच्या जिवंतपणावर प्रश्न काढतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तशाच भाषेत आले तर गुण कापतो.

नियम नकोत असे आम्हांला म्हणावयाचे नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पुस्तके नाहीत, त्यालाच स्पर्धापरीक्षेसाठी, अर्जासाठी आणि नोकरीसाठी या संकेतांची सर्वाधिक गरज असते. ते न शिकवणे हा त्याच्यावर दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल. प्रश्न कोणत्या रूपकातून ते शिकवायचे हा आहे. अलीकडे 'प्रमाणलेखन' हा शब्द रूढ होत आहे. त्यातील रूपक मापाचे आहे. मीटरने कापड मोजले म्हणून हातभर मोजणारा हात अशुद्ध ठरत नाही. वाटेचे रूपक याहूनही उपयोगी वाटते. हमरस्ता सर्वांना माहीत असावा, पण घरापर्यंत पाऊलवाटेनेच जावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी तो पाली आणि प्राकृत यांनाही मिळाला. पतंजलीने ज्यांना पडलेली रूपे म्हटले असते, त्या भाषाही आता अभिजात झाल्या, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. मात्र 'अभिजात' म्हणजे मुळात उत्तम कुळात जन्मलेला. हेही रूढ रूपकच आहे, आणि ते गवताचे नसून कुळाचे आहे. या गौरवाच्या काळात आपण मराठीच्या कुळाविषयी पुष्कळ बोलू. तिच्या रोजाने जाणाऱ्या लेकरांविषयी किती बोलू, हे ठरायचे आहे.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे. वहीवर आता 'अशुद्ध' असे लिहीत नाही. घरच्या बोलीतील शब्दाखाली साधी रेघ ओढतो आणि समासात त्याचे प्रमाणरूप लिहितो. आधीचा शब्द खोडत नाही. त्या विद्यार्थ्याची पहिली वही मात्र आमच्याकडून परत गेली ती शेऱ्यासकटच. पुढे वर्षभर त्याने अचूक आणि निर्जीव निबंध लिहिले. त्यांना आम्ही चांगले गुणही दिले.