तारापूर अणुवीज केंद्र : जुन्या अणुभट्ट्यांच्या परवाना-नूतनीकरणास लोकविरोध

पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऐन उमेदीचा काळ सरल्यावरही चालू ठेवण्यास मच्छीमार, प्रकल्पग्रस्त, अणुऊर्जाविरोधी कार्यकर्ते व काही अणुतज्ज्ञ यांनी केलेला विरोध. या भट्ट्यांची व्यापारी वीजनिर्मिती २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली. त्या देशातल्या सर्वांत जुन्या वीज-अणुभट्ट्या आहेत आणि त्यांच्या वयाच्या भट्ट्या जगातही बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. हा विरोध एका संघटनेचा किंवा एका मोर्चाचा नाही. परवान्याचे नूतनीकरण होताना लोकांनी आपले म्हणणे मांडावे अशी जागाच व्यवस्थेत नव्हती, त्यामुळे तो कधी न्यायालयात, कधी पुनर्वसनाच्या लढ्यात, तर कधी मासेमारीच्या तक्रारींतून प्रकटला. त्याचा इतिहास म्हणून विखुरलेला दिसतो.

१९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या या भट्ट्या उभारल्या. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्यावर ती जनित्रे बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला. पुढे फ्रान्स, चीन व रशिया यांच्याकडून इंधन आणावे लागले. मूळ उत्पादकाची साथ सुटल्यावर भारतीय अभियंत्यांनी किरणोत्साराच्या सान्निध्यात, सुटे भाग स्वतः घडवून हे यंत्र चालते ठेवले. ही कामगिरी मोठी आहे आणि विरोधकांनीही ती मान्य करायला हवी. पण ज्या रचनेची भट्टी देशात दुसरीकडे कुठेच नाही, तिच्या म्हातारपणाचा अनुभव शेजारच्या केंद्राकडून मिळत नाही, ही अडचणही त्याच परिस्थितीतून आली आहे.

भट्टी म्हातारी होते म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या वादाचे मर्म कळत नाही. न्यूट्रॉनांच्या अखंड माऱ्याने अणुभट्टीच्या पोलादी पात्राचा चिवटपणा कमी होतो. गरम पाणी आणि ताण यांच्या एकत्रित परिणामाने पोलादी नळांच्या जोडांना बारीक भेगा पडतात. विद्युत तारांचे आवरण कडक होते. पंप, झडपा, नळ बदलता येतात, मात्र पात्र बदलणे जवळजवळ अशक्य असते. ‘सुधारणा केल्या, आता भट्टी नव्यासारखी झाली’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे असते.

अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. भट्ट्या त्याच्याआधी चौदा वर्षे चालू होत्या. मंडळ एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी परवाना देते आणि साधारण दहा वर्षांनी सुरक्षेचा सविस्तर आढावा घेते. २००० नंतर मंडळाने या दोन भट्ट्यांच्या उरलेल्या आयुष्याची तपासणी केली. २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवून आणीबाणीची डिझेल जनित्रे, विद्युतपुरवठा इत्यादींत सुधारणा करण्यात आल्या. नंतर परवाना पुढे चालू राहिला. हा सारा व्यवहार केंद्र चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि मंडळ या दोघांतच होतो. पर्यावरणीय मंजुरीआधी जनसुनावणी घेण्याची सक्ती देशात १९९७ मध्ये आली. तोवर तारापूरची पहिली भट्टी अठ्ठावीस वर्षांची झाली होती. केंद्राजवळच्या घिवली, उच्छेळी, दांडी या गावांतल्या माणसाला या भट्ट्या हव्यात का, असे कोणत्याही टप्प्यावर कायद्याने विचारले गेले नाही. या नोंदीत सर्वांत गंभीरपणे घ्यावी अशी बाब हीच आहे.

माहितीचा प्रश्न १९९५ मध्ये ऐरणीवर आला. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या काळात अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांतील सुमारे १३० सुरक्षा-मुद्द्यांचा अहवाल तयार झाला. तो प्रसिद्ध करावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अणुऊर्जा कायदा, १९६२ च्या कलम १८ चा आधार घेऊन सरकारने अहवाल गोपनीय ठरवला. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. परिणाम असा, की परवान्याला आक्षेप घेऊ पाहणाऱ्यांना ज्या कागदांच्या आधारे बोलायचे, ते कागद कुलपात राहिले. मग ‘तुमचे म्हणणे शास्त्रीय नाही’ असे त्यांनाच सुनावणे न्याय्य नव्हते.

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमात जे घडले, त्याने तारापूरचा प्रश्न राज्यभर पोहोचवला. फुकुशिमा दाइइची येथील पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकच्याच उकळत्या पाण्याच्या कुळातली, १९७१ पासून चालू होती आणि अपघाताच्या आदल्याच महिन्यात तिला आणखी दहा वर्षे चालवण्याची मंजुरी मिळाली होती. अधिकृत बाजूचे उत्तर असे : त्सुनामी उठवू शकणारे समुद्रतळाचे भ्रंश तारापूरपासून खूप दूर आहेत, वीज गेली तरी भट्टी काही तास थंड ठेवणारी संघनकाची सोय येथे आहे आणि २००५-०६ च्या सुधारणा झालेल्या आहेत. या मुद्द्यांत तथ्य आहे. गोपालकृष्णन यांनी मात्र या दोन्ही भट्ट्या बंद कराव्यात अशी भूमिका जाहीरपणे मांडली. एप्रिल २०११ मध्ये तारापूर ते जैतापूर यात्रा निघाली आणि पोलिसांनी ती अडवली. त्याच महिन्यात जैतापूरजवळ नाटे येथे आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा मृत्यू झाला. एका टोकाला म्हातारी भट्टी आणि दुसऱ्या टोकाला नियोजित प्रकल्प, असा कोकण किनारा या यात्रेने एका धाग्यात ओवला.

स्थानिक विरोधाची मुळे मात्र फुकुशिमापेक्षा जुनी आहेत. तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली आणि पुनर्वसनाचे भांडण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. या नव्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी किनाऱ्यापासून दूर गेली, अशी मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. शिवाय जागा निवडली तेव्हा आसपास विरळ वस्ती होती. आज बोईसर हे गजबजलेले शहर आहे, त्याला खेटून रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि हे सगळे केंद्राच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात येते. त्यातच नोव्हेंबर २०१८ पासून जिल्ह्यातल्याच डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसले, तेव्हा आदिवासी पाड्यांतली माणसे थंडीत घराबाहेर झोपत होती. प्रकल्पग्रस्त केंद्रात नोकऱ्याही मागतात, यावरून त्यांचा विरोध पोकळ असल्याचे म्हटले जाते. जमीन आणि खाजण गेल्यावर पोटापाण्याचे साधन मागणे आणि जुन्या भट्टीची धास्ती वाटणे, या दोन गोष्टी एकाच घरात राहू शकतात.

राजस्थानातील उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. जयपूरच्या दक्षिणेला, कोट्यापलीकडे चंबळच्या काठी रावतभाटा येथे कॅनडाच्या मदतीने उभारलेली पहिली भट्टी डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाली. तिच्या टोकांकडील संरक्षक कवचाला भेगा गेल्याने क्षमता २२० वरून १०० मेगावॅटपर्यंत घटवावी लागली आणि २००४ पासून ती बंद आहे. वेडछी येथून निघणाऱ्या ‘अणुमुक्ती’ नियतकालिकाच्या डॉ. संघमित्रा व सुरेंद्र गाडेकर यांनी १९९१ मध्ये जवळच्या व दूरच्या गावांची तुलनात्मक आरोग्य-पाहणी केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण जास्त असल्याचा तिचा निष्कर्ष अणुऊर्जा विभागाने मान्य केला नाही. त्या भट्टीला लोकांच्या विरोधाने बंद पाडले नाही, तिच्याच दोषांनी पाडले.

अमेरिकेत चाळीस वर्षांच्या परवान्यानंतर वीस वर्षांची मुदतवाढ मागताना लोकांना सुनावणी मागता येते. तेथेही यश सहज मिळत नाही. व्हरमाँट राज्याच्या सिनेटने २०१० मध्ये व्हरमाँट यँकी केंद्राच्या मुदतवाढीविरुद्ध २६ विरुद्ध ४ मतांनी कौल दिला, तरी मार्च २०११ मध्ये संघीय नियामकाने परवाना दिलाच. अखेर २०१४ च्या डिसेंबरात कंपनीने आर्थिक कारणांनी ते केंद्र बंद केले.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नियामक मंडळाला पुरेसे कायदेशीर अधिकार व स्वायत्तता नसल्याचे दाखवून दिले. स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक १५ व्या लोकसभेबरोबर बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अणुऊर्जेविषयीच्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. भट्ट्या कायमच्या मोडीत काढण्यासाठी प्रत्येक युनिटमागे दोन पैसे आकारणी होते. १९९१ पासून हा दर वाढवलेला नाही, असेही २०१२ च्या अहवालात नोंदले होते. तारापूरच्या दोन्ही जुन्या भट्ट्या २०२० मध्ये बंद करून त्यांतील पाणी खेळवणारे नळ बदलण्याचे काम हाती घेण्यात आले, म्हणजे मोडीत काढण्याऐवजी पुन्हा आयुष्य वाढवण्याचाच मार्ग निवडला गेला.