साचा एक असावा, ओळख नव्हे

संगणकांची लॅब उभी करण्याची आपल्याकडची रीत ठरून गेली आहे. तीस-चाळीस एकसारखे संगणक येतात. त्यांतल्या एकावर विंडोज, ऑफिस, कंपायलर, अँटिव्हायरस असे सारे नीट बसवतात, त्याच्या डिस्कची इमेज काढतात आणि ती बाकीच्यांवर टाकतात. या कामाला जगभर लोकप्रिय करणारे ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकात ऑकलंडमध्ये लिहिले आणि १९९८ मध्ये ते सिमँटेककडे गेले. आज क्लोनझिला किंवा फॉग ही साधने वापरणारे कितीतरी तंत्रज्ञही बोलताना ‘घोस्ट मारला’ असेच म्हणतात.

या रीतीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्या आडोशाने वाढलेल्या एका समजुतीला. इमेज टाकल्यावर संगणकाचे नाव आणि आयपी पत्ता बदलला की काम झाले, इमेज काढण्याआधी यंत्राची खास ओळख पुसणारे विंडोजचे सिसप्रेप हे साधन चालवणे म्हणजे निव्वळ सोवळे आहे, अशी ती समजूत. ती अडाण्यांची नाही. चांगले जाणकार तंत्रज्ञ ती बाळगतात आणि तिच्यामागे एक भक्कम वाटणारा आधारही उभा करतात. म्हणून खंडनाआधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे.

विंडोज बसते तेव्हा संगणकाला एक सुरक्षा-ओळखक्रमांक मिळतो. त्याला एसआयडी म्हणतात. ‘एस-१-५-२१’ अशी सुरुवात आणि पुढे ३२ बिटांचे तीन आकडे, असे त्याचे रूप. त्या संगणकावरचे प्रत्येक खाते याच क्रमांकाला शेपूट जोडून ओळखले जाते. मूळ अॅडमिनिस्ट्रेटरचे शेपूट ५००, नंतर उघडलेल्या खात्यांची १००० पासून पुढे. डिस्कची हुबेहूब नक्कल झाली की हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. एका लॅबमध्ये चाळीस संगणक आणि एसआयडी मात्र एकच, अशी स्थिती होते.

पूर्वी याची सर्वांना धास्ती होती. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सने हा क्रमांक बदलणारे ‘न्यूएसआयडी’ हे साधन दिले आणि ते घरोघर पोचले. मग नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रुसिनोविच यांनीच, तेव्हा ते मायक्रोसॉफ्टमध्ये होते, ते साधन मागे घेतले आणि सविस्तर लेख लिहून ही धास्ती निराधार असल्याचे सांगितले. त्यांचा युक्तिवाद असा. संगणक डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या केंद्रीय व्यवस्थेत, सामील झाला की तिथे त्याला डोमेनच्या क्रमांकावर आधारलेले वेगळे खाते मिळते. त्याचा स्वतःचा एसआयडी तिथे विचारात घेतला जात नाही. डोमेन नसेल, तर पलीकडचा संगणक आलेल्या माणसाला नाव आणि पासवर्ड यांवरून पारखतो आणि परवानगी देतो ती स्वतःकडच्या खात्याची. म्हणजे यंत्राचा एसआयडी यंत्राबाहेर ओळख म्हणून वापरलाच जात नाही. अपवाद एकच, डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा, म्हणजे डोमेन कंट्रोलरचा. कारण त्याचाच क्रमांक साऱ्या डोमेनचा क्रमांक होतो. याला तंत्रज्ञ आपला अनुभव जोडतात: आम्ही वर्षानुवर्षे असेच करतो आहोत, कुठे काय बिघडले?

पूर्वपक्ष एवढा आहे. आता उत्तर.

पहिली गोष्ट, आधारवाक्य अर्धेच उद्धृत होते. रुसिनोविच यांच्या लेखाच्या शीर्षकातच दोन अंगे होती: सारख्या एसआयडीची भीती ही दंतकथा आहे, आणि सिसप्रेप तरीही का महत्त्वाचे आहे. न्यूएसआयडी हाताशी ठेवण्याचे कारण उरले नाही, एवढेच ते सांगत होते. एसआयडीखेरीज यंत्राची आणखीही खास ओळख असते, ती सिसप्रेपच पुसते आणि मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा त्याच मार्गाने तयार केलेल्या प्रतींना आहे, हेही त्यात स्पष्ट होते. ज्या लेखाने सिसप्रेपची बाजू घेतली, तोच सिसप्रेप टाळण्याचे प्रमाणपत्र म्हणून दाखवला जातो.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. २००९ चा युक्तिवाद अनुपलब्धीवर उभा होता. सारखा एसआयडी अडवणारी यंत्रणा शोधूनही सापडली नाही, म्हणून अडचण नाही. आपल्या न्यायशास्त्राने अशा अनुमानाला फार पूर्वी अट घातली आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. त्या दिवशीच्या विंडोजबद्दल ही अट पुरी होत होती. उद्याच्या विंडोजबद्दल ती पुरी होणे शक्यच नव्हते. क्रमांक अनन्य असावा असा त्याच्या रचनेचा हेतू होता. त्या हेतूवर भिस्त ठेवणारी तपासणी कोणत्याही अपडेटमधून येऊ शकली असती.

ती आली. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेट्समध्ये मायक्रोसॉफ्टने एसआयडीची अधिक कडक तपासणी घातली. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांवर, सारखा एसआयडी असलेल्या यंत्रांमध्ये केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही पद्धतींनी होणारी ओळखपडताळणी नापास होऊ लागली. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, शेअर केलेले फोल्डर उघडेनासे झाले, रिमोट डेस्कटॉप जोडले जाईना. इव्हेंट लॉगमध्ये ६१६७ क्रमांकाची नोंद दिसू लागली: यंत्राच्या ओळखीत अंशतः तफावत आहे. कायमचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने एकच सांगितला. अशी यंत्रे मान्य पद्धतीने, म्हणजे सिसप्रेपच्या वाटेने, पुन्हा उभारा. सोळा वर्षे ‘काही बिघडत नाही’ म्हणणाऱ्यांचे ऋण तेव्हा एकदम वसूल झाले.

तिसरी गोष्ट, साऱ्या वादाने एसआयडीलाच ओळख मानले. खरे तर तो अनेकांपैकी एक क्रमांक आहे आणि बाकीच्यांचे दुष्परिणाम फार आधीपासून दिसत आहेत. संस्थेत विंडोजची अपडेट्स वाटायला डब्ल्यूएसयूएस सर्व्हर असेल, तर तो प्रत्येक संगणकाला ‘सस-क्लायंट-आयडी’ने ओळखतो. हा आयडी इमेजबरोबर उतरला की तीस संगणकांच्या जागी यादीत एकच दिसतो आणि त्याचे नाव मात्र अधूनमधून बदलत राहते. कोणत्या यंत्राला सुरक्षा-दुरुस्ती मिळाली आणि कोणते उघडे राहिले, हे व्यवस्थापकाला कळायला मार्ग उरत नाही. परवाने सक्रिय करणाऱ्या केएमएस सर्व्हरचेही तेच. किमान २५ वेगळे संगणक मोजल्याखेरीज तो विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्त्या सक्रिय करत नाही. आणि सारख्या सीएमआयडीची, म्हणजे त्याला दिसणाऱ्या सारख्या ओळखक्रमांकाची, पन्नास यंत्रे त्याच्या मोजणीत एकच ठरतात. ‘कुठे काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बिघडत होते, पण वर्गात बसलेल्याला दिसत नव्हते.

‘मग आम्ही लिनक्स टाकू’ असे कोणी म्हणेल. लिनक्सवर एसआयडी नाही, पण प्रश्न तोच आहे. सिस्टमडी वापरणाऱ्या प्रत्येक लिनक्समध्ये १२८ बिटांचा मशीन-आयडी असतो. उबुंटू सर्व्हरच्या १८.०४ आवृत्तीपासून डीएचसीपीकडे पत्ता मागताना दिली जाणारी ओळख याच आयडीतून घडते. परिणामी नेटवर्क कार्डाचे क्रमांक वेगळे असूनही दोन क्लोनना एकच आयपी पत्ता मिळाल्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या.

त्याहून गंभीर म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या खासगी किल्ल्या. ‘मी तोच सर्व्हर आहे’ हे सिद्ध करण्याचे ते एकमेव साधन. या किल्ल्या इमेजमध्ये राहून गेल्या, तर एका यंत्रावर रूटचा अधिकार मिळवलेला कोणीही बाकी सगळ्यांचे सोंग घेऊ शकतो. लॅबच्या बाहेरही हाच दोष मोठ्या प्रमाणावर सापडला आहे. नादिया हेनिंगर, झाकीर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अॅलेक्स हॅल्डरमन यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या यंत्रांच्या किल्ल्या तपासल्या. टीएलएस वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या त्यांना केवळ गणिताने काढता आल्या. मोठे कारण हे, की एका साच्याची उपकरणे एकसारख्या अवस्थेत जागी होत आणि पुरेशी यादृच्छिकता गोळा होण्याआधीच किल्ल्या घडवत.

आणि पासवर्ड? पूर्वपक्षाचा आधारच असा होता, की पलीकडचे यंत्र केवळ नाव आणि पासवर्ड पाहते. मान्य. पण इमेजमधून स्थानिक अॅडमिनिस्ट्रेटरचे नाव आणि पासवर्ड दोन्ही सगळीकडे सारखे जातात. एका संगणकातून त्या पासवर्डचा हॅश, म्हणजे साठवलेले सांकेतिक रूप, चोरला, तर तो न उलगडताही शेजारच्या संगणकात शिरायला वापरता येतो. याच धोक्यापायी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये लॅप्स हे साधन दिले आणि एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच अंतर्भूत केले. प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा ठेवणे आणि तो ठरावीक काळाने बदलणे, एवढेच त्याचे काम. तेव्हा ज्या आधाराने पूर्वपक्ष निर्धास्त झाला, तोच त्याला धोक्याच्या तोंडाशी नेतो.

आता शंका आणि समाधान.

शंका पहिली: सिसप्रेपने वेळ जातो. समाधान: सिसप्रेप मास्टर यंत्रावर एकदाच चालवायचे असते. इमेज पाठवायला लागणारा वेळ त्यामुळे बदलत नाही. क्लोनझिलाच्या निर्मात्यांनी मल्टिकास्टने, म्हणजे सर्वांना एकाच वेळी पाठवून, ५.६ जीबीची इमेज ४१ संगणकांवर सुमारे १० मिनिटांत पोचवल्याची नोंद केली आहे; ओळख पुसलेली इमेजही तेवढ्याच वेगाने जाते. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक यंत्र स्वतःची मांडणी करायला काही मिनिटे घेते, पण सगळी यंत्रे ती एकाच वेळी घेतात. पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरे अनअटेंड फाइलमध्ये आधीच लिहून ठेवली, तर प्रत्येकासमोर बसण्याचीही गरज नाही.

शंका दुसरी: सिसप्रेप मध्येच अडते. समाधान: अडते, हे खरे. नेहमीचे कारण म्हणजे स्टोअरमधले एखादे अॅप एकाच वापरकर्त्यासाठी बसलेले असते, सर्वांसाठी नाही. सिसप्रेपच्या फोल्डरातल्या पँथरमध्ये सेटअप-अॅक्ट नावाच्या लॉगमध्ये त्या अॅपचे नावच लिहिलेले सापडते. मास्टर यंत्र सुरुवातीलाच कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये नेले आणि इंटरनेटपासून दूर ठेवून तयार केले, तर ही वेळ सहसा येत नाही. मास्टर स्वच्छ नाही, हे ते अडणे आपल्याला चाळीस प्रती निघण्याआधी सांगते. तो इशारा दडपून पुढे जाणे म्हणजे तीच घाण चाळीस ठिकाणी पसरवणे.

शंका तिसरी: एसआयडी बदलणारे एखादे साधन नंतर चालवले तर? समाधान: अशी साधने रजिस्ट्री आणि फायलींच्या परवानग्यांतला जुना क्रमांक शोधून नवा घालतात. वर सांगितलेल्या बाकी ओळखी, किल्ल्या आणि पासवर्ड तसेच राहतात; शिवाय एखादी जागा सुटली तर परवानग्या विस्कटतात.

शंका चौथी: आमचे संगणक कशालाच जोडलेले नाहीत. समाधान: खरोखरच नेटवर्क नसेल, तर सारख्या ओळखीने आज नुकसान होणार नाही, हे मी मान्य करतो. पण लॅबचे आयुष्य पाच-सात वर्षांचे असते आणि त्या काळात कधीतरी केबल जोडली जातेच. त्या दिवशी इमेज कशी टाकली होती, हे आठवणारा माणूस नोकरीत असेल याची खात्री कोण देणार?

खंडन इथे संपते, आता मंडन. मोठ्या संख्येने यंत्रे वेगाने उभी करता येणे ही चैन नाही, संकटात ती संस्थेला तारते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतले तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा बसवावे लागले. ज्याला हे करता येते तो पुन्हा उभा राहतो. म्हणूनच हे काम शास्त्रशुद्ध व्हावे, असा माझा आग्रह आहे.

सिद्धान्त असा. जे सर्वांचे सारखे, ते इमेजमध्ये असावे: प्रणाली, अॅप्लिकेशन, सेटिंग. जे प्रत्येकाचे स्वतःचे, ते इमेजमध्ये मुळीच नसावे. पहिल्यांदा सुरू होताना यंत्राने ते स्वतः घडवावे. पेणला एका साच्यातून शेकडो गणेशमूर्ती निघतात, प्राणप्रतिष्ठा मात्र ज्याच्या त्याच्या घरी होते. विंडोजवर याचा अर्थ असा, की मास्टरला डोमेनमध्ये न घेता सिसप्रेपच्या जनरलाइझ टप्प्यातून काढावे, मग इमेज घ्यावी, डोमेनजोडणी नंतर करावी आणि स्थानिक पासवर्ड लॅप्सकडे सोपवावेत. लिनक्सवर मशीन-आयडीची फाइल ठेवावी पण रिकामी, एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या आणि रँडम-सीड पुसावेत. फेडोरात किल्ल्या सेवा सुरू होताना आपोआप नव्या बनतात. डेबियनवर तसे होत नाही, तिथे त्या बनवण्याची सोय पहिल्या सुरुवातीतच करून ठेवावी लागते.

शेवटचा टप्पा तपासणीचा, आणि आपल्याकडे तोच गळतो. लॅब ताब्यात घेताना सगळे संगणक सुरू होतात का, एवढेच पाहून सही होते. ही पद्धत बदलली पाहिजे. पीएसगेटसिड या साधनाने प्रत्येक यंत्राचा एसआयडी काढावा, लिनक्सवर मशीन-आयडी आणि होस्ट-किल्लीचा ठसा काढावा, सगळे एका यादीत लावावेत आणि एकही नोंद दोनदा येत नाही ना, ते पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये यांनी पुरवठादाराच्या करारात ही यादी बंधनकारक करावी आणि ती हातात आल्याशिवाय बिलावर सही करू नये. ‘काही बिघडत नाही’ असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने ते या यादीने सिद्ध करावे.