हौशी यंत्रज्ञांची आकाशवार्ता

मोर्शीहून वर्धा नदी ओलांडली कीं आष्टीचा मुलूख लागतो. १९४२ च्या १६ ऑगस्टला तेथील लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, दोन्हींकडील माणसें पडलीं. वृत्तपत्रांवर निर्बंध असतांना ही वार्ता देशाच्या कानीं घातली ती मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओनें. २७ ऑगस्टपासून उषा मेहता व त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर बोलूं लागले होते.

ही विद्या आली कोठून? हौशी मंडळींकडून. १९२७ मध्यें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें; त्यापूर्वींच, १९२३-२४ सालीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील रेडिओ क्लबांनीं कार्यक्रम प्रक्षेपित केले होते. १९३९ मध्यें युद्ध पेटतांच सरकारनें हौशी प्रेषकांचे परवाने रद्द केले. परंतु परवाना काढून घेतां येतो, विद्या नव्हे. नरिमन प्रिंटर हे असेच एक हौशी. काँग्रेस रेडिओचें यंत्र त्यांनीं जुळविलें.

पुढें पोलिसांच्या हातीं सांपडतांच त्यांनींच केंद्राची जागा दाखविली, आणि १२ नोव्हेंबरला तो आवाज थांबला. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्र हौसेनें उभें राहतें. तें चालतें ठेवावयास छाती लागते.